रविवारच्या ग्रुप राईडला जायचंय, पण मागे पडले तर?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते, वय ४४. पाडव्याला हायब्रिड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधली) सायकल घेतली, तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस तरी धायरी फाटा ते खडकवासला धरण आणि परत असं चालू आहे, सतरा-अठरा किलोमीटर होतात, पावसाचे दोन महिने सोडले तर खंड नाही. एकटीच जाते. आता वाटायला लागलंय की धरणाच्या पुढे जावं, पानशेतचा रस्ता, सिंहगडाचा पायथा, कधीतरी दुसऱ्या बाजूचा बोपदेव घाट, पण तिकडे एकटीने जायला मन धजत नाही.

आमच्या भागात एक सायकल क्लब आहे, त्यांची दर रविवारी राईड असते, पहाटे साडेपाचला जमतात. मी त्यांना दोन-तीनदा रस्त्यात बघितलंय. अंधारात पंधरा-वीस लाल दिवे एकामागे एक जात असतात आणि पुढचा कोणीतरी ओरडतो "खड्डाऽऽ" की मागचे सगळे तेच ओरडत जातात, ते ऐकून मला दर वेळी वाटतं की आपण पण त्या रांगेत असायला पाहिजे. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे मी आता. पण तिथे मेसेज येतो "येत्या रविवारी खानापूर, मध्यम वेग, २० ते २२" आणि माझं स्ट्राव्हा (राईडची नोंद ठेवणारं अॅप) उघडून बघते तर अॅव्हरेज ताशी १६ किलोमीटर. तीन रविवार झाले, अलार्म लावते, उठते, आवरते, आणि मग जातच नाही.

मागे पडलं तर थांबतात का आपलं आपण यायचं असतं? माझ्यामुळे वीस माणसं ताटकळत उभी राहिली तर मला ते सहन नाही होणार. त्यांच्या सगळ्यांच्या बारीक टायरच्या रोड बाईक दिसतात, माझी हायब्रिड चालेल का? पंक्चर मला काढता येत नाही. आणि नोव्हेंबरात साडेपाचला मिट्ट काळोख असतो, जमायच्या जागेपर्यंत एकटीने जाणं हे बाकीच्या बायका कसं जमवतात? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

वॅटवेडा

स्पष्टच सांगतो. ग्रुपने २०-२२ लिहिलंय म्हणजे २०-२२. १६ वाला माणूस आला की सगळ्यांची राईड बसते, लोकांना नऊच्या आत घरी पोचायचं असतं. दोन महिने एकटीने मेहनत करा, अॅव्हरेज २० वर न्या, मग जा. वाईट वाटून घेऊ नका पण यात तुमचाही त्रास वाचेल.

शेवटचाभिडू

ताई, वरचं वाचून घाबरू नका. मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका क्लबमध्ये गेली सहा वर्षं दर रविवारी सगळ्यात शेवटी सायकल चालवतो, मुद्दाम. त्याला स्वीप म्हणतात. सगळ्यात पुढे लीड असतो तो वेग आणि रस्ता ठरवतो, आणि सगळ्यात मागे स्वीप, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही एवढा एकच नियम. म्हणून क्लबला फोन करून वेग विचारू नका, सायकल कुठली लागेल तेही नंतर विचारा, आधी एवढंच विचारा की "रविवारी शेवटी कोण असतं?" समोरचा माणूस चटकन एखादं नाव सांगेल तर बिनधास्त जा. "तसं काही नसतं, सगळे आपापले येतात" असं म्हणाला तर ती राईड नवीन माणसाची नाही, भले क्लब कितीही नावाजलेला असो.

आता तुमच्या १६ बद्दल. तुम्ही सिंहगड रोडवर एकट्या जाता, सिग्नल, रिक्षा, बस थांब्यावर अचानक उघडणारी दारं, किरकटवाडीपाशी दुधाच्या गाड्या, आणि पूर्ण वारा तोंडावर घेता. ग्रुपमध्ये पुढच्याच्या आडोशाला वारा बराच कापला जातो, त्याच ताकदीत दोन-तीन किलोमीटरचा वेग आरामात वाढतो, हे मी दर वेळी नवीन माणसांच्या चेहऱ्यावर बघतो. त्यांना कळतच नाही आपण २० ने चाललोय. पण चढ आला की आडोसा संपला, तिथे ज्याचे त्याचे पाय. म्हणून चांगल्या ग्रुपमध्ये चढावर कोणी कोणाला धरून ठेवत नाही, सगळे आपापल्या दमाने चढतात आणि वर थांबतात. वर थांबलेल्यांना काही शिक्षा होत नाही, पाणी पितात, फोटो काढतात, गप्पा मारतात. तुम्ही पोचलात की लगेच "चला" म्हणून निघायचं नाही, शेवटच्याला पण पाच मिनिटं दम खायला द्यायचा, हे ज्या लीडला कळतं तो खरा लीड.

वॅटवेडा यांना एवढंच म्हणेन की ज्यांना नऊच्या आत घरी यायचंय त्यांचा वेगळा ग्रुप करा, दोष नवीन माणसाचा नाही, एकाच मेसेजवर दोन प्रकारच्या माणसांना बोलावणाऱ्याचा आहे.

मागून मला सगळ्यात आधी माणसाचे खांदे दिसतात. दमलेला माणूस बोलत नाही, "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतो, पण खांदे हळूहळू कानापाशी यायला लागतात आणि गुडघे बाहेर फेकले जातात. तेव्हा मी शेजारी जातो, एक चिक्की हातात देतो आणि म्हणतो गिअर एक हलका करा. दहातले नऊ जण भुकेने दमलेले असतात, पायाने नाही. म्हणून निघताना एक केळं, आणि नंतर भूक लागायच्या आधी दर पाऊण तासाने काहीतरी, खजूर, राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. पाणी दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू.

सकाळची_शिफ्ट

ताई मी वारज्यात राहते, ३९ वय, दोन मुलं, सासूबाई घरात. तुमच्यासारखंच माझं झालं होतं त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या क्लबचं नाव घेत नाही. जुलै महिना, मुळशी रस्ता, मी दुसऱ्यांदाच गेले होते. पौडच्या पुढे पाऊस जोरात आला आणि ग्रुप ताणला गेला, मी चष्मा पुसायला थांबले, मान वर केली तर समोर कोणी नाही. पुढे फाटा आला, दोन रस्ते, मला कुठला ते माहीत नाही, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, बोटं ओली असल्यामुळे स्क्रीन चालेना. एका टपरीच्या पत्र्याखाली पाऊण तास उभी राहिले. टपरीवाल्या मावशींनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत. परत कोणी आलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडले, खाली "सुपर राईड, सगळे एनर्जेटिक". मी तेव्हा काही बोलले नाही, ग्रुप सोडला आणि सहा महिने सायकल गॅलरीत उभी राहिली. आता वाटतं बोलायला हवं होतं, कारण नंतर अजून कोणी तरी तसंच थांबलं असणार.

दुसरा क्लब मिळाला तो मैत्रिणीमुळे. तिथे पहिल्याच दिवशी निघायच्या आधी लीडने सगळ्यांना गोल उभं केलं, माणसं मोजली, एकवीस, मोठ्याने सांगितलं एकवीस, कुठल्या फाट्यावर थांबणार ते सांगितलं, नवीन कोण आहे विचारलं. प्रत्येक थांब्यावर परत मोजणी. मला तेवढ्या आकड्यानेच धीर आला, की मी हरवले तर वीस होतील आणि ते कोणालातरी कळेल.

घराचं म्हणाल तर बायकांना खरा चढ तोच असतो. रविवारी सगळे घरी, नाश्ता, डोक्यावरून अंघोळी, पाहुणे. मी आधी सगळं उरकून जायचं ठरवलं होतं, चारला उठून पोह्यांची तयारी, कणीक मळून, भाजी चिरून, आणि राईडला पोचेपर्यंतच दमलेली असायची. मग एके दिवशी नवऱ्याला सांगितलं रविवारचा नाश्ता तुझा. पहिले चार रविवार ब्रेड-बटर झाले. आता तो थालीपीठ लावतो आणि सासूबाई शेजारी सांगतात आमच्याकडे रविवारी थालीपीठ असतं म्हणून. तुम्ही पण सगळं आधी उरकून जाऊ नका, ते दर आठवड्याला टिकत नाही.

अंधाराचं: ग्रुपवर सरळ लिहा "धायरीहून कोणी येतंय का, एकत्र जाऊ". लाजू नका. मी लिहिलं तर माझ्याच गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका निघाल्या, त्या माझ्या गेटपाशी येतात, मी खाली उतरते, मग दोघी. पुढे पांढरा, मागे लाल दिवा दोन्ही चार्ज केलेले हवेत, आणि अंगात गडद रंगाचा टीशर्ट नको.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. पॅडवाली शॉर्ट आतून काही न घालता घालायची असते, नाहीतर शिवण घासून दुसऱ्या दिवशी बसवत नाही. लाज वाटत असेल तर वरून ट्रॅक पँट घाला, मी वर्षभर तशीच जायची. आणि बाथरूमची सोय कुठल्या थांब्यावर आहे हे लीडला आधीच विचारून ठेवा, पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका, डोकं दुखतं आणि पायात गोळे येतात.

चेनल्यूब

हायब्रिडचं टेन्शन घेऊ नका, उलट आपल्या रस्त्यांना तीच बरी. फक्त हवा बघा. बहुतेक लोक अंगठ्याने दाबून "आहे की" म्हणतात, तसं नाही, टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, हायब्रिडच्या ३५ मिलिमीटर रुंद टायरला साधारण ६० पीएसआय धरा, आठवड्यातून एकदा पंपाने भरा. नुसत्या हवेने तुमची १६ ची १७ होईल, खोटं वाटत असेल तर करून बघा. चेन जुन्या बनियनने कोरडी पुसायची, मग दर कडीवर ल्यूबचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं परत पुसून टाकायचं. मशीनचं तेल बदाबदा ओतू नका, धूळ धरतं.

पंक्चर येत नाही म्हणून थांबू नका, ग्रुपमध्ये कोणीतरी काढून देतंच. पण स्वतःच्या मापाची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचलायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप स्वतःचाच ठेवा, कारण रोड बाईकवाल्याची ट्यूब तुमच्या टायरला होणार नाही आणि व्हॉल्व्ह पण वेगळा असू शकतो. एका दुपारी घरी मागचं चाक काढून बघा. काढायच्या आधी गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणायचा, मग चेन सैल पडते आणि चाक सहज निघतं. चाकाला नट असतील तर १५ चा पाना सोबत लागेल, क्विक रिलीज (हाताने उघडायचा खटका) असेल तर काही नको. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. हे विसरले तर सगळी मेहनत वाया. पानशेत रस्त्याला बाभळीचे काटे असतात, बाहेरून तुटून गेलेला काटा आत टोक ठेवून बसतो, नवी ट्यूब पाच मिनिटांत परत पंक्चर होते. मी एकदा तीन ट्यूब घालवल्यात एका काट्यापायी, चौथ्या वेळी उन्हात टायर उलटा करून बघितला तेव्हा तांदळाच्या कणीएवढं काळं टोक दिसलं.

पंचवटीकर

नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे २०१५ मध्ये महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देश आडवा पार करायची सायकल शर्यत) पूर्ण केली, दोघांच्या टीमने साधारण ४८०० किलोमीटर, त्यानंतर शहरात सायकलीची लाटच आली. आषाढीला पंढरपूरला सायकलवारी जाते त्यात शाळेतली पोरं असतात, साठी ओलांडलेले असतात, साध्या गिअर नसलेल्या सायकलवाले पण असतात, आणि सगळे पोचतात. म्हणून वेगाचं नका मनावर घेऊ.

पण ग्रुपमध्ये चालवायची शिस्त मात्र वेगळी शिकावी लागते, ती एकट्याने चालवून येत नाही. पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक कधीही शेजारी-शेजारी येऊ द्यायचं नाही, तो खड्डा चुकवायला जरासा सरकला की तुमचं चाक घासतं आणि पडता तुम्ही, तो नाही. पहिल्या दिवशी पूर्ण सायकलभर अंतर ठेवा, ओल्या रस्त्यावर दुप्पट. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं. थांबायचं असेल तर आधी ओरडायचं "थांबतेय", मग ब्रेक. खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा, पण हात सोडायची भीती वाटत असेल तर नुसतं ओरडा, दोन्ही हात हँडलवर असलेले बरे. मागून ट्रक आला की शेवटचा ओरडतो "गाडीऽऽ" आणि ते पुढेपर्यंत पोचवायचं, मधे कोणी गप्प बसलं की साखळी तुटते. कानात हेडफोन असलेल्या माणसाच्या मागे चालवू नका.

आणि पहिले दोन महिने गडाचा घाट नको. चढायला जमेल हो, उतरणं शिकावं लागतं. वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, वळणात नाही, आणि दोन्ही ब्रेक सोडत-धरत, नाहीतर नऊ किलोमीटर उतरताना तळहात बधिर होतात.

डायनॅमो

मी ७१ वर्षांचा आहे, पुण्याचाच. ग्रुप राईड हा शब्द आत्ता आला. आमच्या लहानपणी सकाळी पुलावरून कारखान्यात जाणाऱ्या कामगारांच्या सायकलींची रांग लागायची, हँडलला डबा, पुढे डायनॅमोचा दिवा, सायकलला पालिकेचा बिल्ला नसला की दंड. माझे वडील पिंपरीला जायचे, कसबा पेठेतून, रोज. ते कधी एकटे गेले नाहीत. कोपऱ्यावर चौघं जमायचे, एक जण आला नाही तर बाकीचे त्याच्या वाड्यात हाक मारायला जायचे, कारण एकट्याची चेन तुटली तर हजेरी बुडायची. कोण फास्ट कोण स्लो याची चर्चा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. बेटी, तू जा.

वॅटवेडा

शेवटचाभिडू, तुमचा दोन ग्रुपचा मुद्दा पटला. आमच्याकडे एकच मेसेज जातो आणि मग दर रविवारी चिडचिड होते, दोन्हीकडून. आमच्या अॅडमिनला सांगतो. ताई, मी जरा तोडून बोललो, सॉरी.

मुठाकाठची

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. गेले!!

क्लबला फोन केला आणि तोच प्रश्न विचारला, शेवटी कोण असतं. पलीकडचे गृहस्थ एक सेकंदही न थांबता म्हणाले "मीच असतो, कधी येताय?" ग्रुपवर धायरीचं विचारलं तर दोघं निघाले, एक नऱ्ह्याच्या कॉलेजमधली मुलगी आणि एक काका, फाट्यावर दुधाच्या डेअरीपाशी पाच वाजून वीस मिनिटांनी भेटलो. माणसं मोजली, सतरा.

धरणापर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा, तरी वेगळाच वाटला. एकटी असताना मी कडेच्या मातीला चिकटून जाते, इथे रांगेत असल्यामुळे मागून येणारी बस हॉर्न न मारता बाजूने गेली. "खड्डाऽऽ" मी पण ओरडले, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, दुसऱ्यांदा जमलं. धरणाच्या पुढे उजवीकडे पाणी लागलं, तेव्हा जेमतेम उजाडत होतं, पाण्यावर धुकं होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं, फक्त सतरा चेनींचा आवाज. गोऱ्ह्याच्या पुढच्या चढाला मी मागे पडले. पडलेच. पुढचे दिवे वळणाआड गेले आणि पोटात गोळा आला, पण मागे त्या गृहस्थांच्या सायकलची टिकटिक येत होती, ते पायडल मारायचं थांबले की यायची. एक शब्द बोलले नाहीत, नुसती टिकटिक. वर डोणजे फाट्यावर सगळे उभे होते, कोणीतरी केळं पुढे केलं, आणि लीड म्हणाला पाच मिनिटं बसा मग निघू.

खानापूरला पोहे खाल्ले, साडेआठला परत फाट्यावर. ३६ किलोमीटर झाले, मधले थांबे सोडून अॅव्हरेज १८.४ आली. घरी आले तर लेकाने मॅगी केली होती सगळ्यांना.

येताना त्या कॉलेजच्या मुलीचं मागचं चाक बसलं, चेनल्यूब यांचं आठवून मी म्हटलं आतून बोट फिरव आधी. काचेचा तुकडा निघाला.

आता एक अडचण, तीस किलोमीटरनंतर दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या, संध्याकाळपर्यंत मुंग्या होत्या. हातमोजे घेऊ का सायकलमध्येच काही बदलायचं असतं?

चेनल्यूब

वा ताई! हातमोजे घ्याच, पण त्याआधी सीट बघा. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळं वजन तळहातावर येतं. सीटवर एक लांब पट्टी मागून पुढे लांबीला ठेवून तिच्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवा, घरंगळली नाही पाहिजे. घरंगळली तर सीटखालचा बोल्ट सैल करून सपाट करा आणि कोपर जरा वाकवून चालवा, ताठ नको. एका राईडने फरक पडला नाही तर हँडलची उंची बघू, सायकलचा बाजूने एक फोटो टाका.